लाकडी पोरीची धाव

लाकडाची पोरगी पळत नाहीये, हे एका लुत्सी काफ्लिशला सोडून अख्ख्या इमारतीला दिसत होतं. इमारत म्हणजे काय, तर चार बिऱ्हाडं, तळघरात एक सामायिक धुणीघर आणि त्या धुणीघराची एकच किल्ली. अशा इमारतीत कुणाचं काही लपून राहत नाही. कुणाची चादर फाटली, कुणाचा पायमोजा एकटा पडला, कुणाच्या नवऱ्याने मे महिन्यात घेतलेलं काम ऑक्टोबर उजाडला तरी पुरं केलं नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. बोलतात, पण आधी दार वाजवून.

काम अगदी एवढंसं होतं. व्हाल्प्रादा गावाची घरं रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या. मधून घाटावरून उतरणारा कँटनचा, म्हणजे प्रांत सरकारचा, मोठा रस्ता. गाड्या येतात त्या उतारावर सुटलेल्या भोपळ्यासारख्या. तेव्हा रस्त्याच्या कडेला एक लाकडी मूल उभं करावं, ते बघून गाडीवाल्यांचा पाय आपोआप वर यावा, असं गावकचेरीत ठरलं. इतर गावं अशी मुलं सूचिपत्रातून मागवतात. पण गावकचेरीचे चिटणीस फ्ल्युच यांना आठवलं की आपल्या गावात चौतीस वर्षं झ्युरिकला चित्रकचेरीत नोकरी करून आलेला माणूस आहे. स्थानकांवरची, वाहनतळांवरची, इस्पितळांतल्या पाट्यांवरची ती छोटी काळी माणसं काढणं हाच त्याचा जन्मभराचा धंदा. मग घरचं सोडून बाहेरचं का आणा?

"एवढंसं काम, काफ्लिश," फ्ल्युच म्हणाले, "तुमच्या डाव्या हातचा मळ."

"एक शनिवार," लुत्सी म्हणाला.

माणसाने आयुष्यात दोन गोष्टी कधी सांगू नयेत. एक, आपलं वजन आणि दुसरं, काम किती दिवसांत होईल ते.

लुत्सीचं एक दुखणं होतं, ते इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याने काढलेली माणसं उत्तम असत. बाकावर बसलेला माणूस, रांगेत उभा असलेला माणूस, छत्री घेऊन थांबलेली बाई. पण हलणारं काही आलं की साहेब ते कागद उचलून शेजारच्या टेबलावर ठेवत. जिना चढणारा, दाराकडे धावणारा, घसरून पडणारा, ही सगळी माणसं चौतीस वर्षं शेजारच्या टेबलाने काढली. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलंही होतं, "काफ्लिश, तुमच्यासारखी उभी माणसं साऱ्या देशात कुणी काढत नाही." सगळे हसले. लुत्सीही हसला. घरी येऊन मात्र त्याने जेवताना बायकोला सांगितलं, "उर्सिना, हालचाल पायात नसते. पायापुढच्या रिकाम्या जागेत असते." हे वाक्य तो त्यानंतर इतक्यांदा म्हणाला की आताशा त्याचा पहिला शब्द उच्चारला गेला की उर्सिना मीठ पुढे सरकवते.

तर अशा माणसाला उतारवयात पळणारी पोर काढायला मिळाली. त्याला वाटलं, देवाने शेजारच्या टेबलावरचा कागद परत इकडे ठेवला.

पहिली पोर त्याने जूनमध्ये कापली. नव्वद सेंटिमीटर उंच, पाठीवर दप्तर, एक पाय पुढे, एक मागे. अंगणात उभी केली आणि लांब जाऊन बघितली. वरच्या खिडकीतून उर्सिना म्हणाली, "बसची वाट बघतेय का ती?"

"पळतेय!"

"बरं, पळत असेल," उर्सिना म्हणाली. संसाराला चाळीस वर्षं झाली की माणूस असा उदार होतो.

तळमजल्यावरचे हेर, म्हणजे तिकडचे श्रीयुत, डोनाच रेल्वेत वेळापत्रकं बनवून निवृत्त झालेले. धुणीघराच्या पाळ्यांचं वेळापत्रकही तेच बनवतात, आणि त्यात पंधरा मिनिटांचा फरक पडला तर त्यांना रात्रभर झोप लागत नाही. त्यांनी पोरीभोवती एक फेरी मारली. "हेर काफ्लिश, वेग म्हणजे कल. बारा अंश पुढे झुकवा."

झुकवली. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ थ्योनी कपड्यांची टोपली घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या. "अगं बाई! कुणी ढकललं हिला?"

मग टाचेमागे तीन आडव्या रेघा काढल्या. वेग दाखवायचा हा जुना, घरगुती उपाय. फ्राउ थ्योनींनी त्या रेघांकडे बघून नाक मुरडलं, आणि संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सगळ्यांना कळलं होतं की काफ्लिशांच्या पोरीला पोटाचा त्रास आहे. रेघा पुसल्या. मग गळ्याला एक लांब रुमाल बांधून तो मागे उडवला. रुमाल झकास उडला. मात्र डोनाच म्हणाले, "रुमाल पळतोय. पोरगी उभीच आहे. आज वारा आहे, एवढंच कळतं." मग वेण्या उडवल्या, तर ती घाबरल्यासारखी दिसू लागली. दप्तर उडवलं, तर कुणीतरी मागून ओढल्यासारखं दिसू लागलं. जुलै संपेपर्यंत तळघरात अशा सहा पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. फ्राउ थ्योनी पाळीच्या दिवशी धुणीघरात जाताना त्यांना "नमस्कार, मुलींनो" म्हणायच्या आणि लुत्सीला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

सगळ्यात वाईट हे, की ही माणसं खरं बोलत होती. लुत्सीला ते कळत होतं. माणसाला खोट्या टीकेचा राग येतो तो चार दिवस टिकतो. खऱ्या टीकेचा जन्मभर.

आता सरकारी भाग. कँटनच्या रस्त्यापासून ठरावीक अंतराच्या आत नव्वद सेंटिमीटरची कुठलीही वस्तू उभी करायची तर परवानगी लागते. अर्ज तीन प्रतींत, सोबत नकाशा, आणि तीस दिवस गावकचेरीच्या फळ्यावर जाहीर नोटीस, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने ती लेखी कळवावी. फ्ल्युच म्हणाले, "उपचार हो! एका लाकडाच्या पोरीला कोण हरकत घेणार?"

तीन हरकती आल्या.

पहिली शाळेच्या बाईंची. पोरीचं तोंड जर घरांकडे केलं तर ती शाळेतून पळून चालली आहे असं दिसतं, ते चालणार नाही. दुसरी वाहतूक शिकवणाऱ्या पोलीस हवालदार बुओल यांची. पोरीचं तोंड जर शाळेकडे केलं तर ती न थांबता, न बघता रस्त्यात घुसते आहे असं दिसतं. आम्ही दर ऑगस्टला पोरांच्या गळ्यात नारिंगी पट्टे घालून शिकवतो की थांबा, बघा, ऐका, मग चाला; आणि तुमची पोरगी तर थेट पळते. मग तोंड रस्त्याला समांतर करावं, असं फ्ल्युच यांनी सुचवलं. तसं केलं तर येणाऱ्या गाडीवाल्याला फळीची फक्त कड दिसते, म्हणजे रस्त्याच्या कडेला एक लांबट काठी. काठी बघून आजवर कुणी गाडी हळू केलेली नाही.

तिसरी हरकत रजिस्टर पत्राने आली. पाठवणारे हेर डोनाच. पत्र टपालाने डोनाचांच्या घरापासून तीन किलोमीटरवरच्या कचेरीत गेलं आणि तिथून परत त्याच इमारतीत, एक मजला वर आलं. लुत्सीने सही करून घेतलं आणि पत्र हातात घेऊन खाली गेला.

"हेर डोनाच, हे काय?"

"हरकत आहे, हेर काफ्लिश. या ना आत. कॉफी घेणार?"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात बारा अंश झुकवा!"

"ते शेजारी म्हणून म्हणालो. हे नागरिक म्हणून लिहिलं." डोनाच शांतपणे कपबशा काढत होते. "हे बघा, शाळा सव्वाआठला भरते. जी पोर पळते ती उशीर झालेली पोर. आपल्या गावातली पोरं उशिरा निघतात असं घाटावरून येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला आपण फळी रोवून सांगायचं का? मनाला लावून घेऊ नका. साखर एक ना?"

लुत्सीने कॉफी घेतली. न घेऊन सांगतो कुणाला? धुणीघराच्या पाळ्या त्यांच्याच हातात.

शेवटी ठरलं ते असं, की ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी दहा वाजता सगळ्यांनी मिळून जागेची पाहणी करावी. काफ्लिशांनी पोरगी प्रत्यक्ष उभी करून दाखवावी आणि तिथेच काय तो निकाल लागावा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात सेराइना येणार असल्याचं पत्र आलं.

सेराइना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून नॉर्वेत बर्गनला गेली, तिथेच रमली. चार वर्षांत आली नव्हती. भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. दर वर्षी काहीतरी निघायचं, आणि फोनवर ती आईशी अर्धा तास बोलायची आणि मग "बाबांना नमस्कार सांग" म्हणायची. आता ती सहा वर्षांच्या लेकीला, टुव्हाला, घेऊन शनिवार ते शनिवार येत होती. उर्सिनाने पडदे धुतले, चेस्टनट उकडून त्याचा गर काढून ठेवला, आणि एक दिवस जेवताना हातातला चमचा खाली ठेवून म्हणाली, "लुत्सी, त्या आठवड्यात लाकडाची पोरगी तळघरात राहील. खरी येतेय. या वेळी नीट झालं नाही ना, तर पुन्हा येणार नाहीत त्या. मी त्यांना ओळखते. आणि तुलाही."

"अगं, मला काय कळत नाही?" लुत्सी म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं. फोनवर त्याने टुव्हाला कबूलही केलं, की गुरुवारी कुरणावरून गायी खाली येतात, डोक्यावर फुलांचे मुकुट घालून, गळ्यात परातीएवढ्या घंटा बांधून. आपण दोघं वडाच्या... छे, चर्चच्या कट्ट्यावर बसून बघू. (सांगणाऱ्याचीही जीभ कधीकधी घसरते. कट्टा चर्चचाच आहे.)

त्या आल्या. शनिवार छान गेला. रविवारी सकाळी टुव्हा अंगणात फ्राउ थ्योनींच्या मांजरामागे पळाली.

लुत्सी खिडकीत दाढी करत होता. त्याने बघितलं, आणि त्याचा वस्तरा गालावरच थांबला. पळणाऱ्या पोरीचा एकही पाय जमिनीवर नव्हता! क्षणभरच, पण नव्हता. कल नाही, रुमाल नाही, काही नाही. नुसती हवेत होती, आणि तिच्यापुढे सगळं अंगण मोकळं होतं. चौतीस वर्षं तो प्रत्येक माणसाचा एक पाय घट्ट जमिनीला चिकटवत आला होता. पडू नये म्हणून. सवय!

अर्धी दाढी तशीच ठेवून तो वही घेऊन खाली धावला. तोवर मांजर कुंपणावर गेलं होतं.

"टुव्हा, पुन्हा पळ बघू."

टुव्हा आनंदाने पळाली. आठ वेळा पळाली. पण पळणारी पोर म्हणजे पाऱ्याचा थेंब. डोळ्याने धरेपर्यंत पुढे गेलेली. नवव्या वेळी लुत्सी म्हणाला, "आता असं कर, राणी. तशीच उभी राहा. हा पाय वर, हात असा, हनुवटी पुढे. या खुर्चीला धर. आणि हलू नकोस, मला तुला पळताना काढायचंय."

"मग मी पळू का, नेनी?" त्या भागात आजोबाला नेनी म्हणतात, आईने तिला तेवढं शिकवून आणलं होतं.

"नको नको. पळलीस तर कसं काढू?"

टुव्हाने यावर थोडा विचार केला. मग तिने पाय वर उचलला. मोठी माणसं असं काहीतरी सांगतात आणि ते ऐकायचं असतं, हे सहा वर्षांच्या पोरांना नॉर्वेतही माहीत असतं.

सोमवारी अर्धा तास. मंगळवारी सकाळी एक तास आणि दुपारी एक तास. तळघरात उजेड चांगला नव्हता म्हणून दोन दिवे आणले. बक्षीस म्हणून दर दहा मिनिटांनी चॉकलेटची एक वडी. टुव्हा कुरकुरली नाही. उलट दुसऱ्या दिवशी ती स्वतःच तळघरात उतरली आणि पाय उचलून उभी राहिली, कारण नेनी तिच्याकडे बघत असे तो तेवढाच वेळ. हे लुत्सीच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, पोरीला कलेची आवड आहे.

बुधवारी सेराइना तळघरात आली. दारातच उभी राहिली. लुत्सी पेन्सिल तासत होता.

"टुव्हा, पाय दुखला की दुसऱ्यावर घे," ती म्हणाली. "मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?" लुत्सीने विचारलं, आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे हो! तूही एवढीच होतीस! जिना चढणारी मुलगी! नाताळच्या सुट्टीत आपण दोघं, स्वयंपाकघरात, तू स्टुलावर पाय ठेवून... काय मजेची सुट्टी होती गं ती!"

सेराइना लेकीकडे वळली. मग म्हणाली, "टुव्हा, वर जा, आजीने खायला केलंय." पोर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, बाहेर कंबरभर बर्फ पडला होता. खिडकीतून सगळी पोरं घसरगाड्यांवर दिसत होती. मी अकरा दिवस एका पायावर उभी होते. मान हलवली की तू ओरडायचास. मी रडले तर म्हणालास, डोळे पुस, कड बिघडते."

"असं म्हणालो मी?"

"असंच."

लुत्सीच्या हातातली पेन्सिल तासता तासता संपत आली होती. त्याच्या आठवणीत त्या स्वयंपाकघरात शेगडी होती, भाजलेल्या सफरचंदांचा वास होता, आणि मुलगी शहाण्यासारखी उभी होती. ती शहाण्यासारखी का उभी होती, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"आणि ते चित्र तरी कुठे लागलं का?" सेराइनाने विचारलं. "मी पुढे कित्येक वर्षं प्रत्येक जिन्यावर बघायची."

"नाही," लुत्सी म्हणाला. "साहेबांनी शेजारच्या टेबलाचं घेतलं."

ती हसली. कडवट नाही, नुसतीच हसली, आणि वर निघून गेली.

इथे शहाण्या माणसाने करवत खाली ठेवली असती, वर जाऊन पोरीला उचलून घेतलं असतं आणि फ्ल्युचला कळवलं असतं की बाबा, तुमचं मूल सूचिपत्रातून मागवा. लुत्सीच्याही ते मनात आलं. तो दोन पायऱ्या चढलाही. पण शुक्रवार तोंडावर होता, आणि कागदावर, पहिल्यांदाच, ती पळत होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा. हे झालं की मग उरलेला सगळा वेळ पोरीचाच, असं त्याने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला जे सांगतो ते पटवून घ्यायला साक्षीदार लागत नाही, हीच तर पंचाईत.

गुरुवारी सगळी गायी बघायला निघाली तेव्हा रात्री कापलेल्या नव्या पोरीचा रंग अजून ओला होता. "तुम्ही व्हा पुढे," लुत्सी म्हणाला, "दहा मिनिटांत आलोच." टुव्हाने विचारलं, "नक्की ना, नेनी?" तो म्हणाला, "नक्की." मग पाय बसवायच्या लोखंडी कांबीला रस्त्याच्या रंगाचा करडा रंग द्यायचा राहिला होता, म्हणजे लांबून कांब दिसणार नाही आणि पोर हवेत वाटेल. त्यात एक फुगा आला. तो घासून पुन्हा रंग दिला. त्याला घंटा ऐकू आल्या, आधी लांबून, मग जवळून, मग सगळं तळघर दणाणलं, मग पुन्हा लांबून. तो पोचला तेव्हा रस्त्यावर शेण होतं, तुडवलेली फुलं होती आणि बेकरीवाला पाण्याचा झोत मारत होता.

चर्चच्या कट्ट्यावर टुव्हा बसली होती. शेजारी तिचं लाल जाकीट पसरलेलं होतं.

"थंडी वाजत नाही का गं? जाकीट घाल ना," लुत्सी म्हणाला.

उर्सिना म्हणाली, "तुझी जागा धरलीय तिने. खूप गर्दी होती. सगळ्यांना सांगत होती, इथे माझे नेनी बसणार आहेत."

लुत्सी त्या जागेवर बसला. बघायला समोर काही नव्हतं. थोड्या वेळाने टुव्हाने जाकीट घातलं आणि सगळी घरी गेली.

संध्याकाळी त्याने पोरगी अंगणात आणली. रेघ नाही, रुमाल नाही, कल नाही. दोन्ही पाय जमिनीपासून एक वीत वर. इमारतीतली सगळी माणसं जमली आणि कुणी काही बोललं नाही. हे गाव बोलायचं थांबतं ते फक्त मौतीला. मग हेर डोनाचांनी टोपी काढली. "हेर काफ्लिश," ते म्हणाले, "ही निघाली." फ्राउ थ्योनींनी डोळे टिपले. लुत्सीने वळून खिडकीकडे बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं. सेराइना आतापासूनच सामान भरत होती.

शुक्रवारी दहाला सगळे हजर. फ्ल्युच कागद घेऊन, बुओल गणवेशात, शाळेच्या बाई छत्री घेऊन, आणि डोनाच हरकत घेऊन. ती त्यांनी मागे घेतली नव्हती, कारण टोपी शेजाऱ्याने काढली होती आणि हरकत नागरिकाची होती. पोरगी रस्त्याच्या कडेला रोवली. तोंड शाळेकडे. फ्ल्युच म्हणाले, "आता एखादी गाडी येईपर्यंत थांबू."

घाटावरून टपालबस, म्हणजे टपालखात्याची प्रवासी बस, आली. वळण घेऊन सरळ झाली आणि चालकाला रस्त्यात झेप घेणारी पोर दिसली. त्याने ब्रेकवर अक्षरशः उभं राहून बस थांबवली. चाकांचा जो आवाज झाला तो दरीपलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण कुरणावरून कुणीतरी आणलेलं अख्खं चीजचं चाक मधल्या वाटेने गडगडत पुढे आलं आणि चालकाच्या पायाशी येऊन आडवं झालं. पहिल्या बाकावर फ्राउ थ्योनी होत्या, रात्र बहिणीकडे काढून आलेल्या. त्यांच्या मांडीवर आलुबुखारचा केक होता. म्हणजे थांबण्यापूर्वी मांडीवर होता.

चालक खाली उतरला. त्याने लाकडी पोरीला हात लावून बघितला, मग रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, मारलं मी कुणाला तरी."

त्यानंतर चर्चा फार झाली नाही. बुओल लुत्सीला बाजूला घेऊन म्हणाले, "हेर काफ्लिश, अभिनंदन करतो. इतकी पळणारी पोर मी रस्त्यावर बघितली नव्हती. ही इथे ठेवता यायची नाही." फ्ल्युच यांनी तिथेच कागदावर निर्णय लिहिला, की मूल उभं असावं, दोन्ही पाय जमिनीवर, तोंड गाडीवाल्याकडे. त्याने सगळ्याच हरकती निकालात निघत होत्या. उभं मूल उशिरा निघालेलं नसतं, पळून चाललेलं नसतं आणि रस्त्यात घुसत नसतं. "हे तर तुम्हाला एका शनिवारात जमेल," फ्ल्युच म्हणाले.

केकचं म्हणाल तर फ्राउ थ्योनी काही बोलल्या नाहीत. दार वाजवून बोलतील.

शनिवारी लुत्सी त्यांना पोचवायला स्थानकावर गेला. रात्री त्याने ठरवून ठेवलं होतं की माफी मागायची. शब्दही जुळवले होते. पण फलाटावर उभं राहिल्यावर ते शब्द लाकडाचे वाटायला लागले, आणि लाकडाचा त्याला आता कंटाळा आला होता.

"सेराइना," तो म्हणाला, "या आठवड्यात माझं चुकलं. त्या सुट्टीतही चुकलं."

"हं," ती म्हणाली. मग तिकिटं पिशवीत ठेवत, "बरं झालं म्हणालास."

"पुढल्या वर्षी याल?"

"बघू, बाबा."

'बघू' या शब्दाचा अर्थ आईबापांना कुणी समजावून द्यावा लागत नाही. सेराइनाने पिशव्या उचलल्या.

गाडी यायला चार मिनिटं होती. टुव्हा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, उर्सिनाबरोबर पाणी भरून घेत होती. लुत्सीला वाटलं, निदान एवढं तरी. तो गुडघ्यावर बसला. वाकायला त्याला त्रास होतो, पण बसला, आणि दोन्ही हात पसरून त्याने हाक मारली, "टुव्हा! ये, पळत ये!"

टुव्हाने वळून बघितलं. तिचं तोंड फुललं. ती दोन पावलं पळाली आणि थांबली. मग तिने एक पाय वर उचलला, हात जागेवर आणले, हनुवटी पुढे काढली, आणि श्वास रोखून, जराही न हलता, फलाटाच्या मधोमध उभी राहिली. धरायला खुर्ची नव्हती, म्हणून थोडी डुलत होती.

"बरोबर आहे का, नेनी?" तिने ओठ न हलवता विचारलं.

लुत्सी उठला. अख्खा फलाट चालत तिच्यापर्यंत गेला, कारण ती तर येणार नव्हती. तिथे जाऊन पुन्हा गुडघ्यावर बसला आणि तिचा उचललेला पाय त्याने दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला.

"काढलंस?" टुव्हाने विचारलं.

"नाही, राणी."

"मग मी उगीचच उभी राहिले?"

तक्रार नव्हती त्यात. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. मागे सेराइना पिशव्या घेऊन उभी होती, आणि तिलाही ते ऐकायचं होतं. लुत्सीला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. तेवढ्यात गाडी आली, दारं उघडली, उर्सिनाने पोरीला चढवलं, आणि गाडी वेळेवर सुटली.